रडर दोन दिवसांत बनतो, पण बसतो कधी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही घरी विमान बनवणाऱ्या एका गृहस्थांवर अर्धं पान दिलंत, मोठ्या फोटोसकट, त्याबद्दल आधी मनापासून थँक्यू. आमच्या घरात गेली चार वर्षं हाच उद्योग चालू आहे आणि "अजून किती दिवस?" याशिवाय दुसरा प्रश्न आम्हाला कोणी विचारत नाही, त्यामुळे आपल्यासारखं कोणीतरी पेपरात आलं याचंच अप्रूप. लेख छान आहे. पण त्यात दोन वाक्यं अशी आहेत की ती वाचून दादा हसला आणि मला मात्र राहवेना. एक म्हणजे फोटोखालची ओळ, "विमान वळवणारा रडर" (रडर म्हणजे शेपटीवरच्या उभ्या पंख्याचा हलणारा भाग). दुसरं, "रडर दोन दिवसांत तयार झाला, आता खरं काम सुरू होईल."

विमान दादाचं, म्हणजे माझ्या मोठ्या भावाचं, मी मदतनीस. सॉलिड रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायचे भरीव खिळे, ठोकायला दोन माणसं लागतात, एक जण बाहेरून रिव्हेट गन धरतो आणि दुसरा आतून लोखंडाचा ठोकळा टेकवून ठेवतो, त्याला बकिंग बार म्हणतात, आणि शेपटीच्या आत जागा इतकी चिंचोळी की तिथं बारीक मनगटाचंच माणूस हवं. माझी विमानविद्या इथूनच सुरू झाली, पुस्तकातून नाही, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

आधी ते वळवण्याचं. नावेचं सुकाणू फिरवलं की नाव वळते, म्हणून शेपटीवरचा उभा पंखा बघून सगळ्यांना तसंच वाटतं, मलाही वाटायचं. पण विमान वळतं ते पंखांनी. पायलट विमान एका बाजूला कलवतो, पंखांची उचल त्या बाजूला तिरकी होते आणि तीच विमानाला वळणात ओढून नेते. मग रडर कशाला? तर कलताना जो पंख वर जातो त्याला उचल जास्त मिळते तसा हवेचा विरोधही जास्त होतो, तो पंख मागे खेचला जातो, आणि नाक वळायच्या बाजूला न जाता उलट बाजूला सरकतं. हे सरकणं पायाखालचं पेडल दाबून सावरायचं, त्यासाठी रडर. शिवाय उतरताना वारा आडवा असेल तर नाक रनवेच्या रेषेत ठेवायला, आणि विमान गरगरत खाली यायला लागलं तर उलटा पाय देऊन ते गरगरणं थांबवायला.

राइट बंधूंनाही हे पहिल्या झटक्यात जमलं नव्हतं बरं का. त्यांच्या १९०२च्या ग्लायडरला मागे दोन उभे पंखे होते पण पक्के, हलत नव्हते. कधीकधी वळताना खालचा पंख वर यायलाच तयार नसायचा, ग्लायडर त्याच बाजूला घसरत जाऊन पंखाच्या टोकाने वाळूत रुतायचं, त्याला ते दोघं गमतीनं विहीर खणणं म्हणायचे. मग एका रात्री ऑर्व्हिलला झोप येत नव्हती तेव्हा त्याच्या डोक्यात आलं की मागचा पंखा हलता करावा. विल्बर म्हणाला करू, पण त्याची दोरी पंख पिळायच्या दोरीलाच (ते पंख पिळून विमान कलवायचे) बांधू म्हणजे चालवणाऱ्याला आणखी एक दांडा नको. पुढे १९०५च्या विमानात त्यांनी रडर परत वेगळा केला.

आता तुम्ही म्हणाल, फोटोखालच्या एका ओळीवरून एवढं काय. तर असं आहे की "रडरने विमान वळतं" ही समजूत पायलटच्या डोक्यात राहिली तर ती जीवावर बेतते. उतरायच्या आधीचं शेवटचं वळण असतं, विमान खाली आणि हळू आलेलं असतं, रनवे थोडा हुकतोय असं दिसतं, जमीन जवळ असल्यामुळे जास्त कलायची भीती वाटते, मग माणूस कलायचं सोडून पायाने नाक ओढायला जातो. आतल्या बाजूचा पंख आणखी हळू होतो, त्याची उचल आधी जाते आणि विमान तिथंच पलटी खातं. सावरायला खाली उंचीच उरलेली नसते. लहान विमानांच्या अपघातांतला हा जुना आणि परत परत होणारा प्रकार आहे.

आता दोन दिवसांचं. हे अगदी खोटं आहे असं मी म्हणत नाही. अमेरिकेत मिसुरी राज्यात मेक्सिको नावाचं गाव आहे (हो, गावाचं नाव मेक्सिको), तिथं झेनिथ नावाची विमानाचे किट विकणारी कंपनी दोन दिवसांची रडर कार्यशाळाच घेते. लोक येतात, स्वतःच्या हाताने रडर बनवतात आणि गाडीत टाकून घरी नेतात. सुरुवात रडरपासून करायचं कारणही सरळ आहे, तो लहान असतो, टेबलावर मावतो आणि बिघडला तर फार काही जात नाही, पण पंखात जे जे असतं ते सगळं त्यात असतं, उभा कणा, आडव्या फासळ्या, वर पत्रा आणि शेकडो रिव्हेट. तिथले रिव्हेट मात्र खेचून बसवायचे असतात, एका बाजूने, एकट्याने होतात. आमचे ठोकायचे.

आमच्या रडरचा पत्रा ०.४ मिलिमीटर जाडीचा. पोस्टकार्डासारखाच म्हणा. २०२४ टी३ नावाचा अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू, त्यात तांबं असतं म्हणून ताकद येते, पण तांब्यामुळेच तो गंजतोही लवकर, म्हणून दोन्ही अंगांना शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर चढवलेला असतो. हाताच्या कानशीचा एक ओरखडा त्या थराच्या आत गेला की झालं. प्रत्येक भोक पाडलं की त्याच्या काठावरची बर, म्हणजे उरलेली धारदार किनार, काढायची, पत्र्याच्या कडा घासून गुळगुळीत करायच्या, कारण चीर जाते ती अशाच एखाद्या खडबडीत काठापासून. पत्रा इतका पातळ की रिव्हेटचं डोकं बसवायला त्यात खळगा कोरता येत नाही, म्हणून साच्यात दाबून त्याला खळी पाडायची. म्हणजे एका रिव्हेटसाठी ड्रिल, बर काढणं, खळी, प्रायमर, मग ठोकणं, आणि ठोकल्यावर मोजायचं, मागचं डोकं रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच हवं. कमी ठोकलं तर सैल, जास्त ठोकलं तर पत्रा फुगतो.

पहिला पत्रा आम्ही वाया घालवला, सांगून टाकते. पत्र्याला आतून ताठपणासाठी पट्ट्या रिव्हेट करायच्या असतात, त्यासाठी पत्रा एका जाड पोलादी पाटावर पालथा घालतात आणि आतल्या बाजूने ठोकतात, रिव्हेटचं डोकं पाटावर टेकलेलं असतं म्हणून बाहेरून एकदम सफाईदार दिसतं. आम्ही इतके रंगात आलो होतो की ओळीतल्या शेवटच्या रिव्हेटखाली पाट सरकवायचाच राहिला, खाली नुसतं लाकडी टेबल. एक ठोका. पत्र्याला जो खड्डा पडला तो बघून दादा काही बोलला नाही, गन खाली ठेवली आणि बाहेर जाऊन उभा राहिला. नंतर कळलं की ही चूक जवळपास प्रत्येकाच्या हातून एकदा होते, पण त्या वेळी तेवढं समाधान पुरत नाही.

सगळ्यात अवघड म्हणजे मागची धार. दोन्ही बाजूंचे पत्रे जिथं एकत्र येतात तिथं मधे पाचरीसारखी पट्टी घालून आरपार रिव्हेट मारतात, आणि ती धार पार वरपासून खालपर्यंत एका रेषेत हवी, आमच्या नकाशात अडीच मिलिमीटरच्या वर बाक चालत नाही. सरळ एका टोकापासून ठोकत गेलात तर पत्रा लांबत जातो आणि धार केळ्यासारखी वाकते. म्हणून आधी पट्टी चिकटवायची, सरळ अँगलला क्लेकोने (भोकांत घालायचे तात्पुरते चिमटे) जखडून तो गोंद सुकेपर्यंत हात लावायचा नाही, आणि मग रिव्हेट मारायचे तेही एक इथं, एक तिथं, एक पार त्या टोकाला, अर्धेच ठोकायचे, पालटायचं, परत. धार एका बाजूला वाकली तर काय होतं? तर हवा तिला सतत ढकलत राहते आणि विमान कायम एका बाजूला ओढतं, पायलटला सगळा प्रवास एक पाय दाबून करावा लागतो.

तर एवढं झालं की रडर "तयार". फोटो काढता येतो. तुमच्या लेखातले दोन दिवस इथं संपतात, आणि आमच्याकडे गोष्ट इथून सुरू झाली.

पहिलं वजनाचं संतुलन. रडर बिजागऱ्यांवर लटकतो, त्याचा बहुतेक भाग बिजागरीच्या मागे, म्हणजे वजनही मागे. हवेत एखादा धक्का बसून शेपटी समजा उजवीकडे झुकली, तर मागचा जड भाग जडत्वामुळे तिथंच रेंगाळतो, म्हणजे रडर आपोआप डावीकडे वळल्यासारखा होतो, तसा तो वळला की हवा शेपटीला आणखी उजवीकडे ढकलते, मग शेपटी स्प्रिंगसारखी परत येते, पलीकडे जाते, तिकडेही तेच. प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा. याला फ्लटर म्हणतात, आणि तो सुरू झाला की काही सेकंदांत शेपटी तुटूनही जाऊ शकते, पायलटला विचार करायलाही वेळ मिळत नाही. म्हणून रडरच्या वरच्या टोकाला, बिजागरीच्या पुढे येणाऱ्या भागात शिशाचा गोळा बसवतात, म्हणजे पुढचं मागचं वजन जुळतं. एवढासा शिशाचा तुकडा, पण मला विचाराल तर अख्ख्या शेपटीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू.

आम्ही संतुलन केलं. अगदी मापात. आणि मग रडर रंगवला! रंग कुठं लागतो तर सगळ्या पत्र्यावर, आणि पत्रा जास्त कुठं तर बिजागरीच्या मागे. त्यात दादाला दोन रंगांची तिरकी पट्टी हवी होती, म्हणजे थरावर थर. परत लटकवून बघितला तर मागची बाजू खाली. हे नकाशात लिहिलेलं होतं, रंगानंतर परत तोला म्हणून, आम्ही ते वाचलंही होतं. पट्टी घासून काढली, शेवटी एकाच रंगावर भागवलं.

याच विषयातली आणखी एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. फ्लटर बघतो तो खरा वेग, आणि वेगाचं घड्याळ दाखवतं ते हवेच्या दाबावरून. उंचावर हवा विरळ असते म्हणून घड्याळ कमी दाखवतं, १८ हजार फुटांवर घड्याळात १५० नॉट असतील तर खरा वेग २००च्या आसपास असतो. म्हणजे घड्याळाचा काटा निवांत हिरव्या पट्ट्यात आणि शेपटी मात्र मर्यादेच्या काठावर, असं होऊ शकतं. मोठं इंजिन बसवून "आपलं विमान उंचावर किती पळतं" हे सांगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

मग बसवणं. आमच्या रडरला तीन बिजागऱ्या आहेत, प्रत्येकीत गोल बॉल असलेलं रॉड एंड बेअरिंग, मागे आटे, ते फिरवून आत बाहेर करता येतं. तीनही बॉल एका सरळ रेषेत हवेत. नसतील तर मधोमध रडर मस्त हलतो आणि टोकाला गेला की जड होतो, जसं दाराची एक बिजागरी तिरकी असली की दार शेवटी शेवटी कुरकुरतं. अर्धा फेरा आत, परत लावून बघा, जड, काढा, अर्धा फेरा बाहेर. यात आमचे किती शनिवार गेले ते मी मोजलेले नाहीत. शिवाय बॉल आणि ब्रॅकेटच्या मधे बारीक वॉशर जातात, जागा एवढी की बोट जात नाही, वॉशर पडतो, तो घरंगळत शेपटीच्या आत जातो, आणि विमानात हरवलेला वॉशर सापडल्याशिवाय पुढं जाता येत नाही कारण तो उद्या कुठल्या तारेत अडकेल सांगता येत नाही. शेवटी मी वॉशरला धागा बांधून आत सोडायला लागले, बोल्ट शिरला की धागा ओढून घ्यायचा. माझं या विमानातलं मौलिक योगदान हेच.

मग अडसर, म्हणजे रडर किती फिरावा याची हद्द. आमच्या नकाशात ३० ते ३५ अंश, दोन्ही बाजूंना सारखं. कमी फिरला तर आडव्या वाऱ्यात आणि गरगरणं थांबवताना कमी पडेल, जास्त फिरला तर एलेव्हेटरवर, म्हणजे नाक वरखाली करणाऱ्या शेपटीच्या आडव्या हलत्या भागावर, आपटेल. त्यामुळे एकाने एलेव्हेटर पूर्ण वर, पूर्ण खाली करायचं आणि दुसऱ्याने प्रत्येक वेळी रडर या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन मधली फट बघायची. मग पायापासून शेपटीपर्यंतच्या तारा, त्या वाटेत कुठं घासतायत का ते टॉर्च लावून बघायचं. आणि मग सगळ्यात पोरकट वाटणारी तपासणी, डावा पाय दाबला की रडरची मागची धार डावीकडे गेली पाहिजे. हसू नका, कंट्रोल उलटे जोडलेली विमानं उडाली आहेत आणि पडलीही आहेत, आणि ती जोडणारे शिकलेले मेकॅनिकच होते. ज्याने जोडलं त्याला चूक दिसत नाही कारण त्याच्या डोक्यात ते बरोबरच असतं. ब्रिटनमध्ये म्हणूनच कंट्रोलच्या कामाला हात लावला की दुसऱ्या माणसाने वेगळं तपासून सही करायची पद्धत आहे. आमच्याकडे ती दुसरी सही माझी, आणि दादाशी भांडण झालेलं असेल त्या दिवशी मी जास्त चांगलं तपासते.

आता पत्र लिहायचं खरं कारण. वर लिहिलेलं सगळं मी कदाचित मनातच ठेवलं असतं. पण तुमचा फोटो मोठा आहे आणि ई-पेपरवर आणखी मोठा करता येतो. फोटोत रडर शेपटीला लावलेला आहे, ते गृहस्थ त्याच्यावर हात ठेवून उभे आहेत, आणि त्यांच्या कोपराच्या जरा वर मधली बिजागरी दिसते. तिच्या बोल्टवर खाचांचा नट आहे, म्हणजे कॅसल नट, जो अशा हलणाऱ्या जागी लावायलाच हवा, कारण जिथं बोल्ट फिरू शकतो तिथं नुसता नायलॉनचा नट चालत नाही. नट बरोबर निवडलाय. पण नट फिरून सुटू नये म्हणून त्या खाचेतून आरपार घालायची कॉटर पिन नाहीये. बोल्टचं भोक रिकामं दिसतंय, पलीकडचा उजेडसुद्धा दिसतोय.

असं असू शकतं की रडर फक्त फोटोपुरता लावला असेल, आम्हीही दहा वेळा तसाच तात्पुरता लावून काढलाय. पण तात्पुरतं लावलेलं तसंच राहून जातं, हेही आमच्याच घरात घडलंय. खालच्या बिजागरीला पिन घातलेली नाही हे मला तब्बल तीन आठवड्यांनी दिसलं, आणि मधल्या काळात आम्ही दोघांनीही "झालं ते" म्हणून वहीत खूण केलेली होती. तेव्हापासून पिन नसलेल्या प्रत्येक बोल्टला आम्ही लाल रिबीन बांधतो. पिन गेली की रिबीन सुटते, आधी नाही.

तुमच्या बातमीदाराकडे त्या गृहस्थांचा नंबर असेलच. पत्र छापा किंवा नका छापू, जागेअभावी कापायचं तर राइट बंधू कापा, पण त्या गृहस्थांना आजच एक फोन करा आणि सांगा, मधली बिजागरी, डावीकडून बघा, पिन राहिलीय.

आपली,
एक नियमित वाचक